मागच्या रांगेतल्या खुर्च्या

वक्ता "शेवटी एवढंच सांगतो" म्हणाला, की मागून खण्ण असा आवाज यायचा. मागे तो पोरगा लोखंडी खुर्ची मिटत असायचा. एवढंच सांगून कोणी थांबत नाही, हे तुम्हाआम्हाला ठाऊक असतं. त्यावर उपाय करणारा तो एकटाच.

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या आमच्या मराठी मंडळात खुर्च्या त्याच्याकडे होत्या आणि मी चिटणीस असल्यामुळे तो माझ्याकडे. वय एकोणीस, जन्म इथलाच. आईवडील पेणचे बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. शनिवार हा त्यांचा धर्माने ठरवलेला विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी त्याची आई कसलंही काम करत नसे. गाडीतही बसत नसे, म्हणून कार्यक्रमाला शाळेच्या हॉलपर्यंत चालत येई. आम्हाला हॉल शनिवारीच मिळायचा.

"अरे, शनिवार आहे. ठेव ती खुर्ची."

"आई, हे काम नाही. रेस्क्यू आहे. काकांकडे बघ ना, ही इज डाइंग."

मी मरत नव्हतो. अध्यक्ष महाराष्ट्राच्या उज्ज्वल परंपरेवर बोलत होते, एवढंच.

पुढे तो सैन्यात गेला. इराकमध्ये जखमींना उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरवर होता. सुट्टीवर आला तेव्हा मी विचारलं, "तिथे नेमकं काय करतोस रे?"

"सेम थिंग, काका. खुर्च्या जरा हेवी असतात."

एके दिवशी दोन जखमींना आणायला गेलेलं ते हेलिकॉप्टर परत आलं नाही.

मंडळाने श्रद्धांजली सभा ठेवली, शनिवारी. त्यांच्यात शनिवारी शोक करत नाहीत, हे हॉल ठरल्यावर कळलं. हॉल मीच ठरवला होता. तरी त्याची आई चालत आली.

"लांबवू नका, भाऊ. त्याला सोसायचं नाही," ती दारातच मला म्हणाली.

मी निरोप पोचवला. अध्यक्षांनी गंभीरपणे मान हलवली आणि खिशातून कागद काढले. त्यांनी त्याला आधी मावळा केलं, मग मंडळरूपी वटवृक्षाची फांदी. तो आमच्याच संस्कारांतून घडला होता, हे आम्हाला तेव्हा समजलं. चाळिसाव्या मिनिटाला ते म्हणाले, "शेवटी एवढंच सांगतो."

सवयीने आम्ही सगळ्यांनी मागे पाहिलं.

आवाज पुढून आला. पहिल्या रांगेत त्याची आई उभी होती आणि तिने आपली खुर्ची मिटली होती. मग शेजारची मिटली. अध्यक्ष थांबले. मी तिच्या मागच्याच खुर्चीवरून उठून पुढे झालो.

"वहिनी, राहू द्या. आज शनिवार आहे."

"काम नाही हे," ती म्हणाली आणि तिने माझी खुर्ची उचलली.