पंचफुलाबाईची शेळी आणि अँटिबॉडी

पुसेगावच्या पंचफुलाबाईचं माणसांशी फारसं पटत नसे, शेळीशी मात्र पटे. त्यामुळं पंचाहत्तर साली शहरातला डॉक्टर शेळीचं रक्त मागायला आला, तेव्हा बाई आधीच गुरगुरत होती.

"मावशी, माणसाच्या पेशींना गंजू न देणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं," डॉक्टर म्हणाला. "ते शेळीला टोचायचं. मग तिच्या रक्तातून अँटिबॉडी काढून त्या अँटिबॉडीला चमकता रंग लावायचा. ती जाऊन त्या विकरालाच चिकटते. म्हणजे पेशीत ते विकर कुठं आहे ते दिसतं."

एवढ्या डॉक्टरी शब्दांतला एकच तिच्या ओळखीचा होता: बॉडी. दवाखान्यात नवरा गेला, तेव्हा कंपाउंडर म्हणाला होता, "बॉडी घेऊन जा."

"माझ्या शेळीची बॉडी काढून राहिला व्हय? अन् वरून रंग लावतो?"

"मावशी, ती मरणार नाही."

"मालकाच्या टायमाला बी असंच म्हनले व्हते," ती म्हणाली आणि काठी शोधू लागली.