नसलेला खडक

गार्सास तलावाच्या नकाशात दक्षिणेकडच्या फाट्यावर एक लाल त्रिकोण छापलेला असायचा आणि खाली लिहिलेलं असायचं, 'धोका, पाण्याखाली खडक'. प्रत्यक्षात तिथं एक पिवळा बोया डुलत असे. तीस वर्षं मी या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आहे, आणि त्या खडकावर पंखा आपटून आलेली चार-पाच गिऱ्हाइकं तरी मी निस्तरली आहेत. टेक्सासच्या एका दातांच्या डॉक्टरनं तर खडक केवढा होता, किती हिरवा होता, हे मला हातवारे करून सांगितलं होतं. २०२२च्या उन्हाळ्यात पाणी हटत हटत त्या बोयाच्या खाली गेलं, बोया साखळीसकट चिखलावर आडवा पडला, आणि तिथं खडक नव्हता. साधा धोंडासुद्धा नव्हता. मी टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिलो.

बोया तिथं टाकायला लावला होता एउफेमिया आर्चुलेतानं. आम्ही तिला तिया फेमिया म्हणायचो. ती माझी सख्खी मावशी नव्हती, पण आमच्याकडे ज्या बाईला सगळे घाबरतात ती आपोआप सगळ्यांची तिया होते. धक्क्यावर बोटी भाड्यानं देणं, गळाच्या अळ्या नि बर्फ विकणं हा तिचा धंदा. अंगात पुरुषी शर्ट, डोक्यावर गवती टोपी, आणि जीभ अशी की कोलोरॅडोहून आलेली दांडगट पोरंसुद्धा तिच्यासमोर गुपचूप लाइफ जॅकेट चढवायची. मागच्या जानेवारीत ती गेली. म्हणून आता हे लिहायला हरकत नाही.

एकदा एका बाईनं तिला विचारलं, "या पाण्यात भुतं आहेत म्हणे?"

"आहेत ना," तिया म्हणाली. "पण बोट वेळेवर परत न आणणाऱ्यांनाच दिसतात."

भुतांचं विचारायचं कारण म्हणजे तलावाखाली आमचं गाव आहे, लास गार्सास. १९६२ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि गाव पाण्याखाली गेलं. पाण्याखालून देवळाची घंटा ऐकू येते असं पाहुणे एकमेकांना सांगतात. घंटा वरच्या नव्या देवळात आहे, दर रविवारी मीच ओढतो. मला कधी घंटेची भीती वाटली नाही. मला भीती वाटायची ती तियाच्या बोटीतल्या स्क्रीनची. मासे शोधायला लावतात तो. पाणी निळं, वर ऊन, बाजूनं पाण्यावरच्या स्कूटर केकाटत चाललेल्या, आणि त्या एवढ्याशा काचेवर खालून एकेक भिंत वर यायची. "हे तेओफिलो काकाचं घर," तिया शांतपणे सांगायची. "भिंतीच्या सावलीला बास मासे असतात. टाक गळ." आणि खरंच मासा लागायचा. पाहुणे टाळ्या पिटायचे. मी मात्र टाळी वाजवायचो नाही, कारण तो मासा कुणाच्या स्वयंपाकघरातून वर आला हे मला कळलेलं असायचं.

सगळं गाव ती असं दाखवायची. फक्त दक्षिणेच्या फाट्यावर, जुन्या दफनभूमीच्या टेकाडावर, ती कधी बोट नेत नसे. खडक आहे म्हणायची. आम्ही मान डोलवायचो.

त्या उन्हाळ्यात तलाव इतका खाली गेला की बोटी पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार हवेतच संपायला लागला. पाहुण्यांच्या गाड्या चिखलात रुतायच्या आणि शिव्या मला बसायच्या. शेवटी तलावाच्या ऑफिसनं ठरवलं की उतार आणखी दोनशे फूट वाढवायचा, आणि तो जाणार होता बरोबर त्या टेकाडाच्या कडेनं. सोमवारी यंत्रं येणार होती. टेकाडावरच्या कबरी धरण बांधतानाच हलवल्या होत्या, कागदोपत्री तिथं कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

आदल्या शनिवारी दुपारी मी तो बोया उचलून आणायला गेलो, तर तिया फेमिया आधीच तिथं होती. भेगाळलेल्या चिखलावर धक्क्यावरची घडीची खुर्ची मांडून, बोयाकडे तोंड करून बसली होती. बोयाच्या मागं दफनभूमीची कमरेएवढी दगडी भिंत पाण्यातून वर आलेली, तिच्यावर वाळलेलं शेवाळ.

"तिया, खडक कुठं गेला?" मी विचारलं.

"तुझ्या डोक्यात गेला. ओविदियो, तुला फावडं मारता येतं की नुसते पानेच फिरवता येतात?"

"येतं की."

"मग उद्या सकाळी ये. सगळे प्रार्थनेला गेले की."

"घंटा कोण ओढणार?"

"उद्या देवाला आपणहून जागं होऊ दे."

ती चेष्टा करत होती, पण तिचे हात गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते. मी तिच्या शेजारी चिखलातच बसलो. ती बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून.

तिच्या आईला, दोन्या प्रुदेन्सियाला, म्हणजे आमच्या प्रुदेन्सियाबाईंना, १९६१च्या हिवाळ्यात एक मुलगी झाली होती. अर्धा तास जगली. रस्ता बर्फानं बंद, पाद्री चाळीस मैलांवर. बाप्तिस्मा झाला नाही. आणि बाप्तिस्मा न झालेल्या लेकरांना आमच्याकडे तेव्हा भिंतीच्या आत जागा नसे. त्यांना भिंतीबाहेर, कोपऱ्याला पुरायचे, वर क्रूसही नाही. बापानं जर्दाळूच्या खोक्याच्या फळ्या काढून एक पेटी केली आणि पुरून आला. फेमिया आठ वर्षांची होती, कंदील धरायला बरोबर गेली होती.

"मग पुढच्या वसंतात तो कबरी मोजणारा माणूस आला," तिया म्हणाली. "त्याला आपली भाषा येईना, आईला त्याची येईना. शाळेत मीच हुशार. आई म्हणाली, फेमिया, त्याला सांग, भिंतीबाहेर माझं एक लेकरू आहे, तेही लिही."

"मग?"

"शाळेत पोरी मला चिडवायच्या. तुझी बहीण स्वर्गात नाही, अंधारात आहे म्हणायच्या. आणि तो माणूस असा गोरापान, इस्त्रीचे कपडे. त्याच्यासमोर ते सांगायची मला लाज वाटली रे. मी त्याला म्हटलं, आई म्हणते यादी बरोबर आहे. त्यानं वही मिटली. जाताना मला गोळी दिली, पेपरमिंटची. आणि मी ती खाल्ली."

दूर पाण्यावर कुणीतरी दोरीला धरून घसरत होतं आणि पडल्यावर खिदळत होतं.

"कबरी वरच्या नव्या दफनभूमीत नेल्या," ती पुढं म्हणाली. "आई मला म्हणाली, त्या माणसाला विचार, माझी कुठली? आता काय विचारणार? ओळीच्या टोकाला एक खड्डा जास्तीचा खणून बुजवलेला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. आईनं त्याच वर्षी त्यावर एक छोटा क्रूस रोवून घेतला. तीस वर्षं, ओविदियो. तीस वर्षं ती बाई दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, माझा हात धरून त्या रिकाम्या मातीवर फुलं ठेवायची. कागदाची फुलं, महिनाभर बसून केलेली. तिची नजर चुकली की मी खाली या पाण्याकडे बघायची. नंतर निदान इथं कुणी नांगर टाकू नये म्हणून मी खडकाची थाप मारली. दुसरं काय करणार? मला पोहताही येत नाही."

"आईला कधी सांगितलं नाहीस?"

"ती मरायला टेकली तेव्हा सांगणार होते. पण तीच म्हणाली, माझ्यामागं त्या क्रूसाला हात लावू नकोस, आहे तसा राहू दे. तिला वाटलं मी तिथं संगमरवर बसवीन. एवढं म्हणून डोळे मिटले. मग कुणाला सांगू?"

ऑफिसला कळवू या, असं मी एकदा म्हणून बघितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडला. कळवलं असतं तर शिक्के, तज्ज्ञ, आकडा लिहिलेली पेटी, आणि आईच्या नावापुढं पुन्हा कुणा इस्त्रीवाल्याचा पेन. तिला तिची बहीण आईशेजारी हवी होती, सोमवारच्या आत, बस.

रविवारी सकाळी सगळं गाव देवळात असताना आम्ही भिंतीच्या कोपऱ्यावर उभे राहिलो. "बाबाची सात पावलं, माझी अकरा," तिया म्हणाली आणि चालायला लागली. एकोणसत्तर वर्षांची म्हातारी, पण पावलं टाकत होती लहान मुलीची, टाचेला बोट लावून, ओठ हलवत. आठव्या पावलाला थांबली, मान हलवली, परत कोपऱ्यावर गेली आणि पहिल्यापासून मोजलं. मला त्या क्षणी तिच्याकडे बघवेना. वाटलं, हिच्या हातात अजून कंदील आहे.

दोन फूट गाळ काढल्यावर जुनी लाल माती लागली. तिच्यात फळ्यांचे काळे तुकडे, चार खिळे, आणि लंगोटाला लावायची एक पिन, गंजून जाड झालेली. हाडं नव्हती. एवढ्याशा जिवाची हाडं ती किती, साठ वर्षांच्या पाण्यात विरघळून गेली असणार. मला वाटलं आता ही कोसळणार. पण तिनं पिशवीतून भरतकामाची कड असलेली एक उशीची खोळ काढली आणि ती माती ओंजळी ओंजळीनं तिच्यात भरली. फळ्या भरल्या, पिन भरली. खोळ गाठ मारून मांडीवर घेतली.

"एवढं जड नव्हतं तेव्हा," ती म्हणाली.

ट्रकमध्ये सगळा रस्ता तिनं खोळ मांडीवरच ठेवली. नव्या दफनभूमीत दोन्या प्रुदेन्सियाच्या कबरीशेजारी तो छोटा क्रूस उभा होता, सीडरच्या लाकडाचा, उन्हानं चांदीसारखा झालेला. माझ्या बापानं केलेला. बाप सुतार होता. गावच्या कबरी हलवल्या तेव्हा सगळ्या पेट्या त्यानंच बनवल्या होत्या.

"तू उपट," तिया म्हणाली. "मला तिनं हात लावू नकोस म्हणून सांगितलंय. एवढं तरी मी ऐकते." आणि ती जरा दूर, आईच्या दगडावर पाठमोरी बसली, खोळ पोटाशी धरून.

मी क्रूस हलवून सैल केला आणि ओढला. हातभर जमिनीत होता. इतकं खोल कुणी पुरत नाही. खालचं लाकूड कोरडं, घट्ट. अंगठ्यानं माती पुसली तर खाली अक्षरं लागली, पटाशीनं कोरलेली. डावीकडे कललेली ती अक्षरं मी कुठंही ओळखीन, माझ्या पाळण्यावरही तीच होती. दोन्या प्रुदेन्सियाला लिहिता येत नव्हतं. तिनं सांगितलं असणार आणि बापानं कोरलं असणार.

'इथं कुणी नाही. आईला माहीत आहे. फेमियाला सांगू नका.'

मी ते दोनदा वाचलं. बापानं पेट्या केल्या होत्या, म्हणजे त्यात लहान पेटी एकही नव्हती हे त्याला ठाऊक होतं. दोन्या प्रुदेन्सियानं एकदा विचारलं असेल, त्यानं खरं सांगितलं असेल. म्हणजे पहिल्या वर्षापासून. दर दोन नोव्हेंबरला ती बाई पोरीचा हात धरून, जाणूनबुजून, रिकाम्या मातीसमोर गुडघे टेकत होती, आणि शेजारी उभ्या पोरीला वाटत होतं की आपण आईला फसवतोय. दोघी तीस वर्षं एकमेकींना सांभाळत होत्या आणि खरं लेकरू खाली पाण्यात एकटं होतं. मला रडू आलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

"काय रे, थांबलास का?" तियानं वळून न बघता विचारलं. "लिहिलंय काय काही त्याच्यावर?"

सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की तिला केव्हाच माफी मिळाली होती. आणि हेही कळलं असतं की त्या माफीसाठी आईनं काय सोसलं. यातलं कुठलं तिच्या जास्त जिवाला लागलं असतं, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

"काही नाही, तिया," मी म्हणालो. "वाळवी आहे."

खड्डा मी पुरेसा खोल केला. तिनं खोळ खाली ठेवली, पहिली मूठ तिनं टाकली, बाकीची मी. मग क्रूस पुन्हा होता तेवढाच खोल रोवला आणि पायानं माती चांगली दाबली. तिया बराच वेळ दोन्ही कबरींच्या मध्ये बसून राहिली. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. तोंड धुऊन यावं तसा तिचा चेहरा दिसत होता.

"नशीब माझं एवढंच," ती म्हणाली, "की तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर माझा हात कशाला धरला असता तिनं?"

"हो, तिया," मी म्हणालो.