‘आमची पोर दारू गाळते!’

थेंब थेंब पडत असतो तेव्हा वाटतं, कधी भरणार ही बाटली! जरा पाठ फिरवली की काठोकाठ. आमच्या लॅबमधल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी. औषध कारखान्यांतून वापरलेलं, पाणी मिसळलेलं अल्कोहोल येतं. आम्ही ते तापवतो, वाफ थंड करतो, अल्कोहोल वेगळं काढतो. मी बीएस्सी केमिस्ट्री. आणि एक नंबरची भित्री!

*

पहिल्याच दिवशी फ्लास्कमध्ये धडाम करून उसळी आली. मी किंचाळून दारापाशी! आमच्या सीनियर मीना मॅडम शांतपणे म्हणाल्या, “अगं, उकळतंय ते. तू कशाला उसळतेस?”

मग त्यांनी फ्लास्कसाठी चिनीमातीचे खडे काढले. ते टाकले की द्रव उसळत नाही. एक खडा माझ्या अॅप्रनच्या खिशात टाकला. अजून आहे!

*

एका बीकरमध्ये पाणी, एकात अल्कोहोल. दिसायला सख्खी जुळी! मी नुसती बघत बसले. आमचे सेठ उल्हासनगरचे सिंधी. जाता जाता म्हणाले, “सूरत पे मत जा, बेटा. तोल के देख. अपने धंदे में जो हल्का है, वोही महंगा है!”

*

एकदा अल्कोहोलमधलं शेवटचं थोडं पाणी काही केल्या जाईना. पुन्हा तापव, पुन्हा गाळ. आकडा पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास अडलेला. माझंच चुकतंय म्हणून मी रडकुंडीला!

मॅडम म्हणाल्या, “पाण्याचं नि अल्कोहोलचं लग्न झालंय. आता नुसतं तापवून वेगळे नाही व्हायचे!”

*

बदलापूर गावात चुलतबहिणीची हळद होती. कुणीतरी विचारलं, मी काय करते. आत्या भर मांडवात ओरडली, “ती? ती अंबरनाथला दारू गालते!”

मागून एक काका हळूच म्हणाले, “कुठं मिलंल?”

मांडव हसला. बाबा नाही हसले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “उद्या मी येतो कंपनीत. नाय पटलं तर तिथनंच घरी आनीन.”

रात्रभर डोळा लागला नाही. मॅडमना सकाळीच सांगून टाकलं.

*

बाबा आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. थर्मामीटर अठ्ठ्याहत्तरवर, थेंब पडायला लागलेले. मॅडमनी बाबांच्या तळव्यावर चार थेंब टाकले.

“गार लागतंय,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, “पाण्यापेक्षा लवकर उडतं ना, बाबा. इंजेक्शनच्या आधी कापसाने पुसतात, ते हेच.”

तळवा कोरडा होईपर्यंत ते बघत राहिले. मग म्हणाले, “तुला कलतं हे सगलं?”

“हो.”

ते निघाले. मी मागोमाग गेटपर्यंत. तेवढ्यात सेठची गाडी आली. त्यांच्याही कानावर गेलं होतंच.

“क्यों काका, बेटी को ले जाने आए?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि दोन्ही रिकामे हात हलवत म्हणाले, “नाय सेठ. डबा भूल गई थी, वो देने को आया.”