अक्कांच्या कॅसेटी

“फुंकायचं नाही.”

अक्कांच्या घरी कोणी गेमची कॅसेट तोंडाजवळ नेली, की त्या त्याच्या मनगटावर हलकी चापटी मारत आणि एवढंच बोलत. ज्यांनी लहानपणी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम खेळले आहेत, त्यांना ही सवय ठाऊक असेल. गेम चालू झाला नाही की कॅसेट काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकर मारायची आणि परत घालायची. सगळ्या गावची पोरं हेच करत. अक्कांना ते खपत नसे. “थुंकी जाते आत. गंज चढतो. मग तुझा नातू काय खेळंल?” असं त्या विचारत. ज्याला विचारत त्याचं बहुधा लग्नही झालेलं नसे.

मी मूळचा बार्शीचा. सोलापुरात साखर पेठेत माझं टीव्ही दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. हल्ली लोक टीव्ही दुरुस्त करत नाहीत, नवाच घेतात. त्यामुळे दुकानात बसून रस्ता बघणं हेच माझं मुख्य काम झालं होतं. एका सकाळी अक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. बारीक अंगाची, कपाळावर मोठं कुंकवासारखं गोंदण असलेली साठीची बाई.

“मेस्त्री, पोरानं नवा टीव्ही पाठवलाय हैदराबादहून. बिघडलाय. बातू मरंनात.”

मला काही उमगलं नाही. घरी गेलो तेव्हा कळलं, अक्कांच्या घरची बोली तेलुगू, आणि बातू म्हणजे तेलुगूत बदक. अक्कांनी पदर खोचला, प्लास्टिकची बंदूक उचलली, एक डोळा मिटला आणि भिंतीवरच्या पातळ टीव्हीत उडणाऱ्या बदकांवर धडाधड गोळ्या झाडल्या. बदकं मजेत उडून गेली.

मी त्यांना समजावलं, की ही बंदूक जुन्या, डब्यासारख्या टीव्हीवरच चालते. नव्या टीव्हीत बिघाड काही नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मग हा काढ आणि जुना लाव की.” मुलाने पाठवलेला टीव्ही परत खोक्यात गेला. आयुष्यात पहिल्यांदाच मी नवा टीव्ही काढून तिथं जुना बसवून दिला.

टीव्ही होता त्या बाहेरच्या खोलीत एकेकाळी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. अक्कांचे यजमान टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी मुंबईहून गेमचा एक सेट आणला, खोलीत सतरंजी अंथरली आणि पेठेतली पोरं खेळायला येऊ लागली. अक्का भिंतीला टेकून विड्या वळत. मांडीवर सूप, हातात पान आणि दोरा, डोळे मात्र टीव्हीवर. हात कधी चुकत नसत. पुढे यजमान गेले. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि सतरंजी रिकामी झाली.

शहरात अशी दुकानं बरीच होती. सगळ्यांनी आपला माल भंगारात घातला. अक्कांनी उलट केलं. कुठं दुकान बंद होतंय असं कानावर आलं, की त्या तिथं हजर. “भंगारवाल्याच्या आधी मला दाखव,” म्हणत. नात्यातलं लग्न मोडनिंबला असो नाहीतर बार्शीला, येताना त्यांच्या पिशवीत कुणाच्या तरी माळ्यावरची कॅसेट किंवा मोडका रिमोट असायचा. खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या लागल्या. प्रत्येक कॅसेट मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेली. टोकं खोडरबरनं घासून लख्ख केलेली.

मी एकदा विचारलं, “अक्का, हे कशासाठी जपताय? आता कोण खेळणार आहे?”

त्यांनी आधी हातातली विडी पुरी बांधली.

“ह्यांचा जन्म गेला मागावर. कारखाना बंद झाला, मालकानं सगळे माग तोडून लोखंडाच्या भावानं विकले. पोरगा लहान होता. विचारायला लागला, बाबा कशावर काम करत होते, दाखव. काय दाखवू? दोन्ही हात असे हलवून, तोंडानं खडखड आवाज काढून दाखवलं त्याला.” अक्कांनी ते हात मलाही हलवून दाखवले. “तो हसला. त्याला गंमत वाटली. तेव्हाच ठरवलं मी, आपल्या दारातून आता कुठलं मशीन भंगारात जाणार नाही.”

रविवारी दुपारी मी दुकान बंद करून त्यांच्याकडे जायला लागलो. बंद ठेवलेलं मशीन मरतं असं त्यांचं म्हणणं, आणि माझ्या धंद्याच्या अनुभवानं ते खोटंही नव्हतं. म्हणून दर रविवारी एका फळीवरचे सगळे गेम आळीपाळीने चालवायचे. रणगाड्यांचा, विमानांचा, उंच उड्या मारायचा. दोघांनी खेळायचे गेम दोघांनी मिळूनच तपासायचे, असा नियम होता. माझा रणगाडा पहिल्या मिनिटाला फुटायचा. “मेस्त्री, तू टीव्हीच दुरुस्त कर,” असं म्हणत त्या पुढचा डाव एकट्याच खेळत राहायच्या. मी शेजारी बसून बघायचो. घरी माझीही वाट बघणारं कोणी नव्हतं. हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण चहा मात्र माझ्यासाठी आधीच टाकलेला असायचा.

एका दिवाळीत त्यांचं जुनं गिऱ्हाईक आलं. पुण्यात मोठ्या नोकरीवर होता, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. अक्कांची धांदल उडाली. सतरंजी झटकली, चकल्या काढल्या. “बस, तुझा विमानाचा गेम आहे अजून. चालायलंय.” मुलीनं टीव्हीच्या काचेवर बोट घासलं. काही सरकलं नाही. थोडा वेळ तिनं बटणं दाबली, मग वडिलांच्या खिशातून मोबाइल काढून घेतला. त्या गृहस्थानं मशीन हातात धरून स्वतःचा फोटो काढला. “अक्का, परत येतो, निवांत बसू,” म्हणाला आणि गेला.

सतरंजी संध्याकाळपर्यंत तशीच अंथरलेली होती. मी घडी घालायला उठलो, तर म्हणाल्या, “असू दे. कोणी येईल.”

त्याच सुमारास त्यांचे हात कापायला लागले. विड्या सैल पडू लागल्या, विडी कारखान्यातून परत यायला लागल्या. मुलाचे फोन वाढले. घर भाड्यानं देऊ, तू इकडे ये, म्हणून तो मागे लागला. वाईट मुलगा नव्हता तो. पण सामानाचं काय, असं विचारलं की म्हणे, “अम्मा, तो कचरा कुठं आणतेस?” अक्का फोन ठेवून देत.

कुणाकडून तरी ऐकून बंगळुरूहून एक तरुण मुलगी आली. तिच्या संस्थेत जुने गेम जमवून ठेवतात, त्यांच्या आतलं सगळं संगणकात उतरवून घेतात, आणि मूळ वस्तू थंड खोलीत सांभाळतात. तिनं एकेक फडकं सोडून बघितलं. सगळं चालू स्थितीत आहे हे पाहून ती खाली सतरंजीवरच बसली. म्हणाली, “आजी, असं एकत्र, इतकं नीट कुठंच मिळालं नाही. आम्हाला द्याल?”

अक्कांनी विचारलं, “तिथं कोण खेळंल?”

मुलगी प्रामाणिक होती. “रोज कोणी नाही. अभ्यासाला येणारे खेळतील. पण शंभर वर्षांनी कुणाला बघायचं असेल, तर हे तिथं असेल.”

“कळवते,” अक्का म्हणाल्या.

पुढच्या काही रविवारी त्यांनी गेम लावलेच नाहीत. फळ्यांकडे तोंड करून बसायच्या. मीही बसायचो. एका रविवारी त्या एकदम बोलल्या, जणू मधे बराच वेळ आमचं बोलणं चाललं होतं. “माझ्यासोबत राहिलं तर माझ्यासोबत संपंल. होय की नाही, मेस्त्री?”

मी म्हटलं, “होय, अक्का.” दुसरं काय म्हणणार? त्यांना खोटं चालत नसे.

“मग देऊन टाकू. पण टीव्ही बी देऊ. नायतर बातू कसे मरतील त्यांचे?”

त्यांच्या टीव्हीचं चित्र फिकं पडत चाललं होतं. तशी पिक्चर ट्यूब आता बाजारात मिळत नाही. माझ्या घरी आईचा जुना टीव्ही होता, ती गेल्यापासून बंदच होता. त्यातली ट्यूब काढून मी अक्कांच्या टीव्हीत बसवली. चित्र उजळलं तेव्हा अक्का जवळ येऊन बघत राहिल्या. कुठून आणली, हे त्यांनी विचारलं नाही. फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला.

टेम्पो आला त्या दिवशी त्यांनी प्रत्येक खोकं स्वतः भरलं. बंदूक सगळ्यात शेवटी, सोलापुरी चादरीत गुंडाळून. बंगळुरूच्या मुलीनं त्यांचं बोलणं कॅमेऱ्यात उतरवून घेतलं. कोणत्या गेमचं कोणतं बटण अडकतं, कोणता तापल्यावर थांबतो. अक्का शाळेत तोंडी परीक्षा द्यावी तशा ताठ बसून बोलल्या. टेम्पो वळला आणि त्या आत आल्या. फळ्याही टेम्पोत गेल्या होत्या, भिंतींवर त्यांच्या जागी स्वच्छ पट्टे उरले होते. त्या म्हणाल्या, “खोली किती मोठी आहे रे. मला माहीतच नव्हतं.”

पुढच्या रविवारी मी गेलो. चहा झाला. मग काय करायचं, हे दोघांनाही सुचेना. इतकी वर्षं आम्ही टीव्हीकडे बघत बोललो होतो. समोरासमोर बोलायची सवयच नव्हती. मी लवकर उठलो. त्यांनीही कप उचलले.

महिन्याभरानं त्या मुलीनं माझ्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कोणीतरी बंदूक धरून बदकं मारत होतं. मी तो अक्कांना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. “चालायलंय,” म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, “हात जरा खाली धर म्हणावं त्याला.”

नंतर मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. हैदराबादला अकराव्या मजल्यावर घर. अधूनमधून दुपारी फोन यायचा. “काय करायलास, मेस्त्री?” “बसलोय, अक्का. तुम्ही?” “मी बी बसलेय.” मागे तेलुगू मालिकेचा आवाज. एकदा मी विचारलं, काय लागलंय टीव्हीवर? “काय की. हे लोक कामाला गेले की मीच लावून ठेवते, घरात आवाज असावा म्हणून.” मग आम्ही दोघंही फोन कानाला धरून बसायचो. तिकडे मालिकेतली माणसं बोलत राहायची.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाला. तुमचं नाव घ्यायच्या अधूनमधून, असंही म्हणाला.

त्या संध्याकाळी मी दुकान बंद केलं आणि पाय आपोआप त्या गल्लीत वळले. बाहेरच्या खोलीला हिरवा रंग दिला होता, दारात लहान मुलाचे कपडे वाळत होते. आतून एक तरुण बाई आली.

“कोण पाहिजे?”

मी सवयीनं बोलून गेलो, “अक्का आहेत?”

“कोण अक्का? नाव काय त्यांचं?”

मी आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी नाव विचारलंच नव्हतं.