पणजीचं नाव

अडकित्त्यात सुपारी फुटल्याचा आवाज आला, की मला वडनेरची आमची बैठक आठवते. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मला पाहायला पाहुणे आले होते. मुलाचे काका सुपारी कातरता कातरता म्हणाले, "आम्ही असल खानदानी. सात पिढ्यायचे नावं तोंडपाठ हायेत मले. तुमचं कूळ काय?"

बाबांची मान खाली गेली. पाटावर बसल्या बसल्या मीच विचारलं, "काकाजी, तुमच्या पणजीचं नाव काय होतं?"

त्यांचा अडकित्ता थांबला. "बायकायचे नावं कोन ध्यानात ठेवते?"

"मंग त्या घरात मले नाही यायचं," म्हणत मी उठले.

काल माझ्या चिमुकल्या पणतीनं मला "ए कौसल्या" अशी हाक मारली. नातसून तिच्यावर डाफरली. मी म्हटलं, "मारू दे वं. मीच शिकवलं तिले."