बुअज्जाचा बोलता काटा

शुगरने डोळे नेले तेव्हा बुअज्जा गादीवाल्याने नशिबाला शिव्या घातल्या नाहीत; त्या त्याने सेफ्रू गावच्या बाजारासाठी राखून ठेवल्या. डोळे होते तोवर बाजारहाट बायको करायची. ती गेली आणि पिशवी याच्या हातात आली. आंधळ्याला सगळे लुबाडतात, ही त्याची पक्की खात्री. आणि खोटी नव्हती मेली! भाजीवाले त्याच्या पिशवीत सडके टोमॅटो सारत आणि वर "अल्ला भलं करो" म्हणत.

मग परदेशातल्या मुलीने मार्सेयहून बोलता काटा पाठवला. आकड्याला पिशवी अडकवली की आतली बाई खणखणीत आवाजात वजन सांगे. पहिला सापडला मासळीवाला अल्लाल.

"आठशे ग्रॅम," बाई ओरडली, चार गिऱ्हाइकांसमोर.

"किलो मागितला होता ना रे चोरा?"

"त्या डबड्याला काय कळतंय, काका!"

"तुझ्यापेक्षा जास्त कळतं. टाक आणखी!"

बाजार त्याच्यावर खार खाऊ लागला. कुणी हात धरून चिखल चुकवेना, कुणी हाक मारेना. मारू नका, गेलात उडत! बहिणीच्या दारी आयत्या ताटावर बसून तिची बोलणी खाण्यापेक्षा हे बरं. आपलं आपण आणायचं, कुणाच्या मेहेरबानीवर जगायचं नाही, एवढीच तर त्याची इज्जत उरली होती.

राहिली होती ऑलिव्हवाली रकिया. तिचीही पिशवी त्याने काट्याला लावली.

"एक किलो शंभर ग्रॅम."

बुअज्जाचं डोकंच सणकलं. चोरी त्याने पचवली असती, पण दया? "भिकारी वाटलो का गं तुला? किलो मागितला, किलोच दे! तुझी खैरात मशिदीच्या पायरीवर नेऊन वाट!"

रांगेत मागे उभी असलेली बाई कळवळली. "अहो काका, तोलून झाल्यावर वरून मूठभर ती सगळ्यांनाच घालते. बरकतीचं असतं ते."

"तू गप्प बस गं," रकिया म्हणाली. "त्याला काटा बोलेल तेच खरं." तिने पिशवीत हात घालून मूठभर ऑलिव्ह परत परातीत टाकले. "लाव आता."

"एक किलो," काट्यातली बाई म्हणाली.

तेव्हापासून रकिया त्याला बरोबर किलो देते. रांगेत उभ्या बुअज्जाला पुढच्या प्रत्येकाच्या पिशवीत मूठभर ऑलिव्ह पडल्याचा आवाज ऐकू येतो. त्याची पाळी येते. पिशवी उघडी धरून तो जरा जास्तच वेळ थांबतो. काटा हल्ली तो घरीच ठेवून येतो, तरी वरून काही पडत नाही.