डाव्या हाताचा चौरंग

आमच्या घरी डावा हात म्हणजे स्वयंपाकघरात शिरलेलं कुत्रं. दिसला की हाकलायचा. मी पहिलीत असताना अभ्यासाला बसलो की बाबा माझा डावा हात नाडीने पाठीशी बांधून टाकत. रेल्वेतले बाबू, शिस्तीचे. उजव्याने अक्षर आलं, पण कोंबडीने पाय उमटवल्यासारखं. तो राग अजून जिरलेला नाही आणि मला तो जिरवायचाही नाही.

यंदा महालक्ष्म्यांचा चौरंग स्वतःच करायचं ठरवलं. सुतारकामात मी नवखा. टेबल सॉ, म्हणजे मेजात बसवलेली गोल विजेची करवत, बघायला गुढियारीच्या बाजारात हिंडलो, तर जो तो दाखवी त्या यंत्राचं गाइड, म्हणजे जिला टेकवून फळी पुढे सरकवायची ती लोखंडी कड, पात्याच्या उजवीकडे. म्हणजे ढकलायचं उजव्याने. डावीकडे न्यावं तर जागाच उरत नसे. एक दुकानदार हसून म्हणाला, "भैया, दो दिन में हाथ बैठ जाएगा." बसणार नाही, तुटेल, असं त्याला सुनावून मी बाहेर पडलो. शेवटी डावीकडेही ऐसपैस गाइड सरकणारं एक यंत्र सापडलं. बंद करायचं बटण गुडघ्यानेही दाबता येत होतं.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराच्या अंगणात ते मांडलं. बाबांनी खुर्चीवरूनच निकाल दिला, "डाव्या हातचं देवाले चालत नाही." मी गाइड डावीकडे लावलं, फळी ढकलायची दांडी डाव्या हातात घेतली आणि यंत्र सुरू केलं.

पातं अर्ध्या फळीत असताना मागून कोणीतरी माझं डावं मनगट धरून खस्सकन ओढलं. लहानपणी बाबा ताटावरून ओढत, तस्संच. फळी वाकडी झाली, पात्याने ती उलटी भिरकावली आणि ती माझ्या मांडीवर आदळली. मी गुडघ्याने बटण दाबलं. बोटं शाबूत होती.

"लागलं काय?" मागे उभे बाबा माझी बोटं चाचपू लागले. मला दया आली नाही.

"लागलं," मी म्हणालो. "पहिलीत होतो तवापासून लागून राहिलं."

ते खुर्चीत जाऊन बसले. पुन्हा उठू नका, असं सांगून मी दुसरी फळी घेतली.

चौरंग झाला. महालक्ष्म्या त्याच्यावरच उभ्या राहिल्या. बाबा नमस्काराला आले. हात जोडायला त्यांनाही डावा लागलाच.